तारेवरची साय : प्रस्तावना

कॅथलॅबचं दार उघडून बाहेर आलं की नातेवाईक घोळका करून उभे असतात. रात्रीचे दोन वाजलेले असोत नाहीतर पहाटेचे पाच. कन्नडहून, वैजापूरहून, जालन्याहून, कधी पार बुलढाण्याकडून ॲम्ब्युलन्सच्या मागोमाग जीप करून आलेली ही माणसं. ‘बंद झालेली रक्तवाहिनी उघडली, पेशंट बोलतोय’ एवढं कानावर पडलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. मग पहिला प्रश्न ठरलेला असतो. “सर, कोणत्या कंपनीची स्प्रिंग टाकली?” पाठोपाठ दुसरा. “किती वर्षांची गॅरंटी?”

या प्रश्नांत वावगं काही नाही. विहिरीत मोटर सोडताना, ट्रॅक्टरचा टायर बदलताना आपण हेच विचारतो. पण या प्रश्नांच्या पोटात एक समजूत दडलेली आहे : रक्तवाहिनी म्हणजे नळ, त्यात कचरा अडकला, डॉक्टरांनी जाळी बसवून नळ मोकळा केला, आता विषय संपला. पुढची सगळी प्रकरणं या समजुतीशी बोलण्यासाठी लिहिली आहेत. ही जाळी, म्हणजे स्टेंट, बसते तेव्हा डॉक्टरचं काम बरंचसं संपलेलं असतं. रक्तवाहिनीचं काम मात्र त्या क्षणापासून सुरू होतं, आणि ते पुढे कित्येक महिने चालतं. एका स्टेंटची दुसऱ्याशी खरी तुलना करायची तर या महिन्यांत आत काय घडतं, तेच पाहावं लागतं.

नळांची गोष्ट आमच्या छत्रपती संभाजीनगरला कोणी सांगायला नको. मलिक अंबरने खडकी या नावाने हे शहर वसवलं आणि सतराव्या शतकात उत्तरेकडच्या डोंगरांतून जमिनीखालून पाणी आणलं. नहर-ए-अंबरीचे मातीचे नळ, ठिकठिकाणी उभे केलेले बंबे आजही शहरात सापडतात. पाणचक्की पाहायला जाणारा माणूस अशाच एका नहरीचं पाणी पडताना पाहून येतो. या नहरी काळाच्या ओघात तुंबल्या : कुठे गाळ साचला, कुठे झाडाच्या मुळ्या शिरल्या. अशा नळाची दुरुस्ती म्हणजे खणायचं, गाळ उपसायचा, फुटका तुकडा बदलायचा. गाळ काढल्याची नळाला दखल नसते. रक्तवाहिनीला असते. ती जिवंत आहे. तिच्यात फुगा फुगवला, धातूची जाळी दाबून बसवली, तर तिला जखम होते, आणि जखम झाली की ती भरून काढायला ती कामाला लागते.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या या वाहिन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. आतून त्यांना एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. हे नाजूक अस्तर शाबूत आहे तोवर रक्त त्यावरून वाहत राहतं, गोठत नाही. वर्षानुवर्षं या अस्तराखाली चरबीचा मऊ गर साठत जातो. त्यावरचा पापुद्रा एक दिवस फाटतो, आतला गर रक्ताच्या संपर्कात येतो आणि तिथे काही मिनिटांत गुठळी तयार होते. हाच बहुतेक वेळा हार्ट अटॅक. आपण स्टेंट बसवतो तो नेमका या फाटलेल्या, सुजलेल्या, गुठळीने माखलेल्या जागी.

पायात बाभळीचा काटा मोडला की काय होतं, हे शेतात राबणाऱ्या माणसाला शिकवावं लागत नाही. आधी रक्त साकळतं, मग ती जागा सुजते, आणि हळूहळू काट्याभोवती मांस धरतं. स्टेंटच्या तारेभोवतीही हाच क्रम असतो. पहिल्या काही तासांत तारेवर रक्तातल्या चकत्या, म्हणजे प्लेटलेट, चिकटतात आणि फायब्रिनचं तंतुजाळं पसरतं. पुढच्या दिवसांत पांढऱ्या पेशी येतात, सूज धरते. काही आठवड्यांत वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी तारेकडे सरकतात, वाढतात आणि तिच्याभोवती नवा थर विणतात. शेवटी त्या थरावर अस्तराच्या पेशी पसरतात आणि तार रक्ताच्या नजरेआड होते. दुधावर साय धरावी तसा हा थर तारेवर धरतो. साय धरली नाही तर उघड्या तारेवर गुठळी होण्याची भीती. साय फारच जाड झाली तर वाट पुन्हा अरुंद. गेली चाळीस वर्षं स्टेंट बनवणाऱ्यांची सगळी धडपड या दोन टोकांच्या मधली जागा शोधण्यासाठी चालली आहे.

ती धडपड थोडक्यात सांगतो. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी हृदयाच्या वाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. वाट उघडली, पण फुगा काढल्यावर भिंत पुन्हा आकसायची आणि काही महिन्यांत बऱ्याच रुग्णांची वाहिनी परत अरुंद व्हायची. भिंतीला आतून टेकू द्यावा म्हणून १९८६ साली फ्रान्समध्ये झाक पुएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उल्रिख सिगवार्ट यांनी धातूची जाळी आत ठेवली. हे साधे धातूचे स्टेंट. भिंत आकसायची थांबली. पण साय वाढतच राहायची. अनेकांच्या स्टेंटमध्ये ती इतकी दाट व्हायची की सहा-आठ महिन्यांत छातीत पुन्हा दुखायला लागायचं.

त्यावरचा उपाय एका बेटाच्या मातीतून आला. १९६४ साली ईस्टर बेटावर गेलेल्या एका वैज्ञानिक पथकाने मातीचे नमुने आणले. त्यातल्या एका जिवाणूपासून कॅनडातल्या प्रयोगशाळेत सुरेन सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने एक औषध वेगळं केलं. बेटाच्या ‘रापा नुई’ या नावावरून त्याला रापामायसिन म्हटलं गेलं. पुढे त्याचं नाव सिरोलिमस झालं. मधल्या काळात प्रयोगशाळा चालवणाऱ्या औषध कंपनीने हे काम बंद केलं, तेव्हा सेहगल यांनी त्या जिवाणूचे नमुने घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले होते. पेशींची वाढ थोपवण्याचा या औषधाचा गुण स्टेंटच्या कामी आला. १९९९च्या डिसेंबरात ब्राझीलमधल्या साओ पावलोत एदुआर्दो सोझा यांनी सिरोलिमसचा लेप दिलेला स्टेंट पहिल्यांदा माणसाला बसवला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या रॅव्हेल या अभ्यासात २३८ रुग्ण होते. साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के रुग्णांची वाहिनी पुन्हा अरुंद झाली, औषधी स्टेंटच्या गटात एकाचीही नाही. जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांना वाटलं, प्रश्न सुटला.

तो सुटला नव्हता, हे पहिल्यांदा स्पष्ट दाखवलं शवविच्छेदनाच्या टेबलाने. भारतात वैद्यकीय शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेल्या डॉ. रेणू विरमानी यांनी मृत रुग्णांच्या हृदयातले स्टेंट सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. २००६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की साध्या स्टेंटवर सुमारे ९० टक्के भागात अस्तर धरलेलं होतं. पहिल्या पिढीच्या औषधी स्टेंटवर ते सुमारे ५६ टक्केच होतं, आणि फायब्रिन महिनोन्‌महिने तसंच पडून होतं. औषधाने नको असलेली वाढ थांबवली होती, पण सोबत हवी असलेली भरही थांबवली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बार्सिलोनाच्या युरोपीय हृदयरोग परिषदेत, बसवून वर्ष-दीड वर्ष झालेल्या स्टेंटमध्ये गुठळ्या होतात का यावरून मोठा गदारोळ झाला. आमच्या ओपीडीतही त्या काळात लोक वर्तमानपत्राची कात्रणं घेऊन यायचे.

दोन वर्षांनी विरमानी यांच्याच गटाने पुढचं पाऊल टाकलं. या पुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं काम मला तेच वाटतं. त्यांनी दोन तऱ्हेच्या रुग्णांची तुलना केली : चालताना छाती भरून येते म्हणून सवडीने स्टेंट बसवलेले, आणि हार्ट अटॅकच्या वेळी फाटलेल्या जागी तातडीने स्टेंट बसवलेले. स्टेंट तसाच, औषध तेच. तरी अटॅकच्या जागी उघड्या राहिलेल्या तारांचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. कारण ध्यानात घेण्यासारखं आहे. स्थिर रोगात तार कठीण, तंतुमय भिंतीवर टेकते. तिथे साय विणणाऱ्या पेशी शेजारीच असतात. अटॅकच्या जागी तार मऊ गरात रुतते. त्या गरात पेशी जवळजवळ नसतातच, त्यामुळे साय विणायला जवळ कोणी नसतं, आणि औषधही तिथे जास्त काळ मुरून राहतं. शिवाय अटॅकच्या वेळी वाहिनी आकुंचन पावलेली असते आणि गुठळीने भरलेली असते. स्टेंट त्या मापाचा बसतो. पुढे गुठळी विरघळते, वाहिनी सैल होते, आणि कालपर्यंत भिंतीला घट्ट टेकलेली तार आज भिंतीपासून सुटून रक्तप्रवाहात उभी राहते.

हे सगळं जिवंत माणसात दिसतं कसं? त्यासाठी ओसीटी नावाची तपासणी असते. एक बारीक नळी वाहिनीत सरकवतात. तिच्या टोकातून अवरक्त प्रकाश फिरत फिरत भिंतीवर पडतो आणि परत आलेल्या प्रकाशातून चित्र तयार होतं. एक सेंटिमीटरचे जवळजवळ हजार भाग करावेत, इतक्या बारकाईने हा डोळा बघतो. पडद्यावर वाहिनीचा गोल छेद दिसतो. त्याच्या कडेने स्टेंटच्या तारा पांढऱ्या ठिपक्यांसारख्या चमकतात आणि प्रत्येक ठिपक्यामागे काळी सावली पडते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते घड्याळाच्या तबकडीसारखं वाटतं. मग आपण एकेक ठिपका बघत जातो. याच्यावर पातळ राखाडी पट्टी आली आहे, हा झाकला गेला. हा अजून उघडा आहे. या दोघांच्या आणि भिंतीच्या मध्ये काळी फट आहे, हे भिंतीला टेकलेच नाहीत. अभ्यासक अशा हजारो ठिपक्यांची नोंद करतात आणि गुण देतात : उघडी तार, सुटलेली तार, उघडी आणि सुटलेलीही तार, आत तरंगणारा गुठळीचा तुकडा. जितके गुण जास्त तितकी भर कच्ची. मात्र एक मर्यादा विसरू नये. एकाच पेशीचं अस्तर या डोळ्यालाही दिसत नाही. तार झाकली गेली एवढं कळतं. वरचं अस्तर निरोगी आहे का, हे कळत नाही.

या डोळ्याने पाहिलेल्या आणि रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलेल्या अभ्यासांवर पुढची प्रकरणं उभी आहेत. होरायझन्स-एएमआय या मोठ्या अभ्यासाच्या एका भागात अटॅकनंतर स्टेंट बसवलेल्या ११८ रुग्णांची तेरा महिन्यांनी ओसीटी केली. साध्या स्टेंटच्या १.१ टक्के तारा उघड्या होत्या. पॅक्लिटॅक्सेल औषधाच्या पहिल्या पिढीच्या स्टेंटच्या ५.७ टक्के. त्यामुळे बरेच डॉक्टर म्हणत, की अटॅकमध्ये साधा स्टेंटच बरा, तो लवकर झाकला जातो. मग दुसरी पिढी आली. तार १४० मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ८० मायक्रॉनच्या आसपास आली, औषध बदललं, औषध धरून ठेवणारं पॉलिमर रक्ताला अधिक मानवणारं झालं. एक्झामिनेशन या अभ्यासात अटॅकच्या सुमारे दीड हजार रुग्णांत एव्हरोलिमस या औषधाचा स्टेंट आणि साधा स्टेंट समोरासमोर ठेवले गेले. दोन्हींचा धातू एकच. एका वर्षात स्टेंटमध्ये नक्की गुठळी झाली ती साध्या स्टेंटच्या गटात १.९ टक्के आणि औषधी स्टेंटच्या गटात ०.५ टक्के रुग्णांत. २०१२ सालचा हा निकाल. साध्या स्टेंटच्या बाजूचा तो जुना युक्तिवाद त्याने मोडून काढला. त्याच वर्षीच्या कम्फर्टेबल-एएमआय या ११६१ रुग्णांच्या अभ्यासात, विरघळून जाणाऱ्या पॉलिमरचा औषधी स्टेंट साध्यापेक्षा सरस ठरला. पुढे बायोस्टेमी या स्वित्झर्लंडमधल्या १३०० रुग्णांच्या अभ्यासात ६० मायक्रॉनच्या अतिपातळ तारेचा स्टेंट अटॅकच्या रुग्णांत दुसऱ्या पिढीच्या स्टेंटपेक्षाही उजवा निघाला. पातळ तार लवकर झाकली जाते आणि तिच्यामागे रक्ताचे भोवरे कमी पडतात, हा विचार त्यामागे आहे.

याच प्रवासातली एक हकिकत मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. काही वर्षांत विरघळून जाणारा स्टेंट निघाला तेव्हा आम्ही सगळेच हरखलो होतो. काम झालं की जाळी नाहीशी होणार, वाहिनी पुन्हा मोकळी! अटॅकच्या १९१ रुग्णांवरच्या ट्रोफी-२ या अभ्यासात सहा महिन्यांच्या ओसीटीत त्याची भर उत्तम स्टेंटच्या तोडीची दिसली. पण पुढच्या वर्षांत मोठ्या अभ्यासांतून त्याच्यात गुठळ्या जास्त होतात हे उघड झालं, आणि २०१७ साली कंपनीने तो बाजारातून मागे घेतला. त्याच्या पट्ट्या जवळजवळ १५० मायक्रॉन जाड होत्या आणि विरघळताना त्या आतल्या बाजूला ढासळू शकत होत्या. सहा महिन्यांचं सुंदर चित्र म्हणजे पाच वर्षांची हमी नव्हे. कोणताही नवा स्टेंट हाती आला की ही हकिकत आठवावी.

आपल्याकडचं चित्रही या पुस्तकात आहे. स्टेंट परदेशातूनच यायचा तो काळ मागे पडला. सुरत आणि वापीच्या कारखान्यांत ६०-६५ मायक्रॉनच्या तारांचे औषधी स्टेंट बनतात आणि त्यांतल्या एकाची युरोपातल्या टॅलेंट या अभ्यासात नामांकित स्टेंटशी बरोबरीने तुलना झाली आहे. मधुमेह असलेल्या भारतीय रुग्णांसाठी कोणतं औषध बरं, याचं उत्तर टक्सेडो या भारतातल्याच २४ केंद्रांवरच्या १८३० रुग्णांच्या अभ्यासाने २०१५ साली दिलं. मधुमेह घरोघरी पोचलेल्या आपल्या भागाला हे उत्तर फार जवळचं आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी लाखाच्या वर बिल होणाऱ्या घरांना या एका आदेशाने केवढा आधार दिला, ते मी जवळून पाहिलं आहे. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होऊ लागल्यापासून, कधी शहराच्या मोठ्या दवाखान्याचं दार न पाहिलेली माणसंही कॅथलॅबच्या टेबलावर येऊ लागली. त्यामुळे ‘चांगला स्टेंट मिळेल का’ हा प्रश्न आता मराठवाड्यात पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. अवघड आहे तो त्यानंतरचा काळ.

फुलंब्रीकडचे एक शेतकरी आठवतात. पन्नाशीचे, अद्रकीचं पीक घेणारे. अटॅकनंतर चांगला औषधी स्टेंट बसला, चौथ्या दिवशी ते चालत घरी गेले. पाच महिन्यांनी दाढ दुखायला लागली. कोणीतरी सांगितलं, स्टेंटनंतरच्या या गोळ्या चालू असताना दाढ काढली तर रक्त थांबणार नाही. त्यांनी गोळ्या बंद केल्या, त्याही दोन्ही. दाढ काढली. नंतर बरं वाटत होतं म्हणून सुरूच केल्या नाहीत. तीन आठवड्यांनी पहाटे पुन्हा छातीत कळ, पुन्हा ॲम्ब्युलन्स. स्टेंटच्या आत गुठळी होती. ती काढून ओसीटी केली तर एका बाजूच्या चार-पाच तारा भिंतीपासून सुटलेल्या, बोडक्या उभ्या होत्या. जीव वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “साहेब, स्प्रिंग खराब निघाली का?”

स्प्रिंग चांगली होती. अटॅकच्या जागी भर सावकाश येते आणि तेवढा काळ उघड्या तारेवर प्लेटलेट चिकटू नयेत म्हणून दोन गोळ्यांचा पहारा लागतो, एवढी एकच गोष्ट त्यांना कोणी समजेल अशा शब्दांत सांगितली नव्हती. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची नावं होती, वेळा होत्या. कारण नव्हतं. तो कागद मी लिहिला होता. ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या’ असं आम्ही सवयीने म्हणतो आणि माणसाला वाटतं, रक्त आता पुरेसं पातळ झालं असेल, बंद केल्या तरी चालतील. अटॅकनंतर साधारण वर्षभर ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉरसारखी दुसरी गोळी देतात. रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना ती कमी काळ देतात. किती काळ, हे डॉक्टरने त्या माणसाकडे पाहून ठरवायचं असतं. दाढ काढायची असो की दुसरी शस्त्रक्रिया, गोळीला हात लावण्याआधी स्टेंट बसवणाऱ्याला एक फोन करायचा असतो.

हे पुस्तक डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांसाठी जितकं आहे तितकंच त्या घोळक्यात उभ्या असलेल्या माणसांसाठी आहे. ज्याला आकडे हवेत त्याने अभ्यासांची प्रकरणं नीट वाचावीत. प्रत्येक ठिकाणी किती रुग्ण, किती महिन्यांनी पाहिलं आणि काय मोजलं, या तीन गोष्टींवर बोट ठेवावं. झाकलेल्या तारा मोजणं वेगळं आणि वाचलेली माणसं मोजणं वेगळं. दोन्हींचा मेळ बसतो तिथेच विश्वास ठेवावा. ज्याच्या घरात स्टेंट बसला आहे त्याने रक्तवाहिनी कशी भरून येते ते प्रकरण आधी वाचावं, बाकीचं सवडीने.

फुलंब्रीच्या त्या काकांना मी त्या दिवशी केसपेपरच्या मागच्या बाजूला एक गोल काढून दाखवला. कडेने ठिपके काढले, काही ठिपक्यांवर पट्टी ओढली, काही उघडे ठेवले. दुधावरच्या सायीचं बोललो. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. वर्षभर ते दर दोन महिन्यांनी येत राहिले. येताना गोळ्यांची रिकामी पाकिटं कॅरीबॅगमध्ये घालून आणत आणि टेबलावर मांडत. वर्ष भरलं त्या दिवशी ते खुर्चीत बसले, कॅरीबॅग समोर ठेवली आणि म्हणाले, “साहेब, आता आत साय धरली असंल का?”

इतक्या वर्षांत मला विचारला गेलेला तो सर्वांत नेमका प्रश्न होता. पुढची पानं वाचून होतील तेव्हा वाचकाच्याही ओठांवर तोच यावा.